सवतीच्या पोटातली माशी

प्रिय टिटवे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. माझ्या दारावरच्या घंटेने मौनव्रत धरलं आहे. व्रताला माझा विरोध नाही. पण ते धरण्यापूर्वी तिने मालकाला कल्पना द्यायला हवी होती, असं माझं नम्र मत आहे. तिच्या या वैराग्यापायी कुरियरवाला दोन वेळा येऊन ‘घर बंद’ अशी चिठ्ठी दाराच्या फटीतून सरकवून गेला. घर बंद नव्हतं. मी आत होतो, दारासमोरच्याच खुर्चीत, मांडीवर नववीच्या उत्तरपत्रिका घेऊन, आणि नेमकी त्याच पार्सलाची वाट बघत. मी त्यांच्या कचेरीत फोन करून खडसावलं. तिकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, ‘सर, आमच्या माणसाने बेल वाजवली होती.’ मी म्हणालो, ‘वाजवणं ही एक क्रिया आणि वाजणं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.’ तो मला पुन्हा पत्ता विचारायला लागला. मग वीजवाल्याला बोलावलं. त्याने बटण दाबलं, मान डोलावली, ‘खणखणीत आहे की, काका’ म्हणाला आणि निघून गेला. अशा निर्ढावलेल्या माणसांशी बोलायला आप्पाच हवे होते. ते निदान छत्री तरी उगारायचे.

तू म्हणशील, घंटेसाठी दादाने एवढं लांबलचक पत्र घातलं? नाही. दुसरी एक गोष्ट आहे, ती शेवटी. तू रविवारचा फोन बंद केलास, त्याबद्दल गेले कित्येक रविवार मी मनातल्या मनात जे काही बोललो, ते सगळं बिनशर्त मागे घेतो, एवढंच आधी लिहून ठेवतो. का, ते कळायला तुला सवतीची हकीकत वाचावी लागेल. मला दुसऱ्या रस्त्याने तिथवर येता येत नाहीये.

तर, त्या पार्सलात सवतीचा नवा पंप होता. आपली सवत बंद पडली. म्हणजे पडली होती. परवा छप्पर पुसता पुसता मला आईचा चेहरा आठवला, आप्पांनी ती फाटकातून आत आणली त्या संध्याकाळचा. घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोन, हा हिशोब विमा कचेरीतल्या एका हिशोबनिसाला चुकावा, याचं आईला शेवटपर्यंत नवल वाटलं. तांबडी, ठेंगणी, कापडी छपराची, आधीच्या मालकाने वापरून वापरून टाकलेली. आई पदराला हात पुसत म्हणाली, ‘मला बसवायला आणलीत, का माझ्या जागी बसवायला?’ तेव्हापासून ती सवत. आप्पा तिला पॉलिश करायला लागले की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढायचा. सुट्टीच्या दिवशी ते एकेकाला पाळीपाळीने फिरवून आणायचे आणि बाकीचे दोघं फाटकात उभे राहायचे. माझी पाळी असली की तू फाटकावर चढून जी ओरडायला लागायचीस, ते पार पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत ऐकू यायचं. टिटवी हे तुझं नाव आप्पांनी त्या वळणावरच ठेवलं, गिअर बदलता बदलता. आता त्या वळणावर चढ सुरू होतो तिथे एक औषधांचं दुकान आहे. सवत बंद पडली ती तिथेच, दुकानाच्या पुढ्यात.

मी तिला आठवड्यातून एकदा बाहेर काढतो, हे तुला माहीत आहे. कुठे जायचं असतं म्हणून नाही. शाळेतून आलो, चहा घेतला, कपडे वाळत घातले, की उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि त्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. तर चढावर तिने आचके द्यायला सुरुवात केली. धापा टाकत टाकत थांबली. मी कडेला घेतली, बॉनेट उघडून आत पाहिलं. आत पाहिलं की आपल्याला काही समजतं असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, म्हणून. बराच वेळ तिथे उभा राहिलो. औषधांच्या दुकानदाराने विचारलं, ‘काय, दमली का?’ मी म्हटलं, ‘वय झालं.’ तो म्हणाला, ‘कोणाचं?’ मग त्याने पाण्याची बाटली दिली, सवतीसाठी की माझ्यासाठी ते काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर बाईसाहेब पहिल्या झटक्याला चालू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच चढ, पुन्हा तेच.

आम्हाला पाठशाळेत डोंगरावरचा धूर दाखवून विस्तवाचं अनुमान करायला शिकवलं. इथे धूर नव्हता, हीच अडचण. तरी मी पद्धतीने गेलो. ठिणगीवर संशय घेता येईना, कारण ठिणगी गेली की इंजिन दिवा विझावा तसं एकदम जातं, आणि ही तर तहानलेल्या जनावरासारखी मान टाकत होती. हे ज्ञान माझं नाही, तुझं. तू ओठांवर ग्रीस लागलेल्या तोंडाने मला ते ऐकवलं होतंस. पेट्रोल टाकीत होतं. पुढचा फिल्टर मी मागच्याच वर्षी बदलला होता. म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही; म्हणजे पोचवणारा थकला आहे; म्हणजे पंप. अनुमान इतकं सुबक झालं की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दुसरं कोणी नव्हतं.

आता पुराव्याचा प्रश्न. तुला आपली जुनी व्यवस्था आठवतेय ना? मी किल्लीवर, तू कानावर. मी पुढे बसून किल्ली पहिल्या खुणेपर्यंत फिरवायची, पुढे नाही. तू दोन्ही सीटच्या मागे त्या चिंचोळ्या फळीवर आडवी पडून कान लावायचीस आणि निकाल द्यायचीस. ‘माशी आहे.’ किंवा, ‘माशी नाही, दादा.’ किल्ली फिरवली की पंप क्षणभर गुणगुणतो, बंद डबीत माशी अडकावी तसा, आणि गप्प होतो. ती गुणगुण म्हणजे पंप जिवंत. तू कॉलेजात यंत्रं शिकत होतीस, मी शब्द. त्यामुळे सवतीच्या बाबतीत तुझा शब्द अखेरचा होता आणि तुझा एक नियमही होता: पंपाला हात लावला असेल, तर माशी बोलल्याशिवाय किल्ली पुढे न्यायची नाही. एकदा आप्पांनी घाई केली, पाइप नीट बसलेला नव्हता, आणि पेट्रोल गालिच्यावर सांडलं. त्यानंतर तू तो नियम असा काही बजावलास की आप्पा किल्ली हातात घेण्याआधी तुझ्या तोंडाकडे बघायचे. मी आजही तो पाळतो. घरात दुसरा नियम करणारं कोणी नाही, तेव्हा तुझेच चालू आहेत.

पण माणूस एक आणि कामं दोन. किल्ली फिरवून पुढच्या सीटवरून मागे झेपावेपर्यंत माशी बोलून गप्प होते, आणि माझं झेपावणं तू पाहिलेलं नाहीस हेच बरं. शेवटी तुझीच दुसरी युक्ती आठवली. पंपाची वीज चालू-बंद करणारी ती डबी, रिले, काढायची, तिच्या खोबणीतली दोन भोकं तारेच्या तुकड्याने जोडायची. म्हणजे किल्लीवाचून पंप अखंड चालू राहतो. तसं केलं. सावकाश मागे गेलो, फळीवरचा गालिचा दुमडला, कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. काही नाही. वायर तपासायच्या दिव्याने पाहिलं तर दिवा लागतोय, म्हणजे वीज पंपापर्यंत येतेय. वीज आहे, पंप आहे, गुणगुण नाही. कारणं सगळी हजर आणि कार्य गैरहजर, याचा अर्थ एका कारणात खोट आहे. पंप मेला. मी नव्या पंपाची मागणी नोंदवली.

तो बसवायला मला एक अख्खी दुपार लागली आणि ती दुपार वाईट गेली असं मी म्हणणार नाही. बॅटरीची काळी वायर सोडवली. गॅरेजचं शटर पूर्ण वर, पंखा दाराकडे तोंड करून. फळीवरचं गोल झाकण गंजलेल्या स्क्रूंनी असं काही धरून ठेवलं होतं, जणू आत आप्पांनी काही लपवलंय. एक स्क्रू डोकं मोडून राहिला. त्याची मी मनधरणी केली, मग दमदाटी केली, मग तेल घालून चहाला गेलो आणि आल्यावर तो आपणहून निघाला. झाकण उचललं, तशी पेट्रोलची एक जुनी, थंड वाफ नाकात शिरली. पाइपांच्या क्लिपा सोडवल्या, कुठला कुठे जातो ते विसरू नये म्हणून प्रत्येकाला एकेक रंगीत दोरा बांधला. तू हसशील. हस. पंप वर ओढला तेव्हा त्याच्या बुडाची जाळी मला दिसली, आणि ती काळी ठिक्कर होती, वर्षानुवर्षांच्या गाळाने गच्च. एवढी गच्च की पाणीसुद्धा जाऊ नये. मी ती उजेडात धरून ‘हे बघ’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मग आजूबाजूला पाहिलं, जाळी कागदावर ठेवली आणि पुढच्या कामाला लागलो. नवा पंप, नवी जाळी, झाकणाखालचं नवं रबरी कडं. तुझ्या नियमाप्रमाणे तार जोडली, कान लावला.

माशी नाही.

माझ्या संतापाची तू कल्पना कर. मी विक्रेत्याला पत्र लिहिलं. ‘आपण पाठविलेले यंत्र जन्मतः मूक असून’ इथून सुरुवात केली होती आणि पुढे भाषा चढत गेली. तो मृदू मनुष्य असावा. त्याने काही न विचारता पंप परत घेतला आणि दुसरा धाडला. त्याच पार्सलाच्या वेळी घंटेने दगा दिला. दुसराही बसवला. तोही मुका. फ्यूज पाहिला, रिले बदलला, वायरचा एकेक जोड घासून पुसून लख्ख केला. दिवा लागतोय, गुणगुण नाही. त्यात बॅटरीने नवीन कुरापत काढली. संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी सपशेल उतरलेली. मी तारेचा तुकडा खोबणीत तसाच ठेवून घरात जात होतो. काही चालूच नव्हतं, तर बंद काय करायचं? बॅटरीही म्हातारी झाली असं ठरवून मी तिला रोज सकाळी चार्जर लावायला लागलो.

खरं सांगू का, त्या दिवसांत सगळं जगच माझ्याविरुद्ध कट केल्यासारखं हळू बोलत होतं. वर्गात मुलगे खणखणीत पाठांतर म्हणत होते, आणि मुली नुसते ओठ हलवत होत्या. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन निवेदन दिलं की मुलींच्या उच्चारांचा ऱ्हास होत आहे, श, ष आणि स या तिन्ही वर्णांनी शाळा सोडली आहे. बाई काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला नीट कळलं नाही, आणि ‘बघा, तुम्हीसुद्धा’ हे वाक्य मी जिभेवरून परत गिळलं. गॅलरीतल्या कुंड्यांवर पाखरं येतात, चोची उघडतात, मिटतात. मला वाटलं, उन्हाने दमली असतील. तुझा फोन यायचा तेव्हा मी तुझ्याकडच्या लाइनला नावं ठेवायचो. मग तुझा फोन यायचाही बंद झाला. रविवारी मी फोन समोर ठेवून वर्तमानपत्र वाचतो; एकेक पान दोनदा वाचून होतं. तू मधूनमधून ‘ठीक’ असा एक शब्द लिहून पाठवतेस. मी पण ‘ठीक’ लिहितो. दोन ठीक माणसांचा एवढा त्रोटक पत्रव्यवहार मी कुठे वाचलेला नाही.

आता वरच्या सिस्टर. त्यांच्याबद्दल तुला कधी लिहिलं नसेल. इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्या पावलांचा आवाज मला येतो आणि बोलण्याचा येत नाही, म्हणून मी त्यांना अबोल समजत होतो. गुरुवारी दुपारी त्या गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी फळीवर पालथा पडून कान लावलेला. त्या माझ्या समोर आल्या, कमरेवर हात ठेवले आणि चांगल्या तोंड भरून बोलल्या, तेव्हा मला कळलं, ‘सर, हे तुमचं बंद करता का जरा?’ मी विचारलं, काय बंद करू. ‘हे भुणभुण. आठवडा झाला. मी रात्री उशी डोक्यावर घेऊन झोपतेय.’ मी उठून बसलो. त्यांना समजावून सांगितलं की बाई, आपली काहीतरी गल्लत होते आहे, ही गाडी पूर्ण मुकी आहे, आणि ती मुकी आहे हाच तर माझा प्रश्न आहे. ‘मुकी?’ त्या म्हणाल्या. ‘हिने माझं डोकं उठवलंय आणि तुम्ही मुकी म्हणता?’ मी म्हणालो, दुसऱ्या कुणाच्या घरचा पंखा असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेल्या होत्या, त्या एकाएकी चिडायच्या थांबल्या. पुढे झाल्या, माझा मनगटाशी हात धरला, आयुष्यभर माणसांचे हात धरलेल्या बायका धरतात तसा, आणि तो त्या गोल झाकणावर ठेवला.

झाकण थरथरत होतं. टिटवे, तळहाताखाली पंप चालला होता, बारीक, एकसारखा, जिवंत. मी कान खाली नेला. काही नाही. हात ठेवला, आहे. मी दुसऱ्या हाताने दाखवलेला तारेचा तुकडा बाईंनी उपटून काढला आणि हाताखालचं झाकण गप्प झालं. त्यांनी तार लावली, ते बोलायला लागलं. माझ्या कानाला या दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मी प्रत्येक कारण तपासलं होतं. पंप, फ्यूज, रिले, वायर, बॅटरी, विक्रेता, घंटा, कुरियरवाला, शाळेतल्या मुली. ज्याच्या भरवशावर हे सगळे तपासत होतो, तो कान तेवढा तपासायचा राहिला होता. सिस्टर म्हणाल्या, ‘चहा टाकते, वर या.’ आणि मग, मला समजावं म्हणून, हाताने कप तोंडाला लावल्याची खूण केली. त्या खुणेने मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

सवत चालू झाली, हे सांगायला हवं. गाळाने गच्च जाळी हेच तिचं दुखणं होतं. म्हणजे कारण सगळं चुकीचं आणि उपाय बरोबर, असा एक प्रकार माझ्या हातून घडला, ज्यापायी माझ्या गुरुजींनी मला बाकावर उभं केलं असतं. परत पाठवलेला पंपही धडधाकट निघाल्याचं त्या मृदू माणसाने कळवलं आहे. त्याला मी क्षमापत्र धाडलं, भाषा पुष्कळ उतरवून. तुझ्या नियमात मी एक दुरुस्ती केली. हात ठेवला, माशी बोटांना लागली, मग किल्ली पुढे नेली. चढ ती अशी चढली, जणू मधले आठवडे कधी झालेच नाहीत. औषधांच्या दुकानदाराने हात केला. वर टाकीपाशी मी थोडा वेळ थांबलो. इंजिनाचा जाड आवाज मला चांगला येतो, तो येत होता. शेजारच्या सीटवर सिस्टरनी बॅटरीवर घालायला दिलेलं जुनं फडकं होतं, बाकी काही नाही. तिथून फाटक दिसत नाही हे मला माहीत आहे. तरी पाहिलं.

शुक्रवारी सिस्टर मला त्यांच्या ओळखीच्या कान तपासणाऱ्या बाईंकडे घेऊन गेल्या. मला काचेच्या एका कपाटवजा खोलीत बसवलं, कानांवर टोप चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी आज्ञाधारक विद्यार्थी. दाबत होतो, दाबत होतो, आणि मग काचेपलीकडच्या बाई कळ फिरवतायत, कागदावर लिहितायत, पुन्हा फिरवतायत, आणि माझा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला. बराच वेळ ठेवलेला. त्यांनी नंतर आलेख दाखवला. सुरुवातीला सपाट रस्ता आणि मग एकदम उतार. जाड आवाज बऱ्यापैकी शाबूत आहेत, म्हणून मला कधी संशय आला नाही. वीजवाला, दुकानदार, वर्गातले मुलगे, सगळे ऐकू येतात. बारीक आवाज तेवढे गेले. घंटा, पंप, पाखरं, मुलींची उत्तरं. आणि टिटवी. कानाचं यंत्र मागवलंय, यायला वेळ आहे. तोवर मुलींची माफी मागून झाली. एक म्हणाली, फळ्यावर लिहून म्हणाली, ‘सर, आता आम्ही ओरडू का?’ मी म्हटलं, ओरडा. सगळा वर्ग ओरडला.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. पानांचे फोटो काढून मोबाईलवर कसे पाठवायचे ते सिस्टरनी शिकवलंय, तेव्हा आजच तुझ्या हातात पडेल. दोन ओळींत विचारूनही पाहिलं मी, काल. ‘त्या दिवशी काय म्हणालीस?’ असं लिहिलं, वाचलं, पुसलं. ज्या माणसाने तुला तसं उत्तर दिलं, त्याच्याकडून आलेला तो प्रश्न उर्मटपणाच वाटला असता. म्हणून हे सगळं आधी सांगितलं.

त्या शेवटच्या रविवारी तू बराच वेळ बोललीस. नेहमीपेक्षा हळू. मी नेहमीसारखा ‘हं’ म्हणत होतो; खूप महिने मी तसाच बोलतोय, तुझ्या आवाजाच्या चढउतारावर अंदाजाने ‘हं’ टाकत, कारण आठवड्याने तुझा फोन यायचा आणि ‘पुन्हा सांग, पुन्हा सांग’ करण्यात तो संपू नये असं वाटायचं. ‘डॉक्टर’ हा शब्द मला लागला. तू थकते आहेस असं आधी कधी तरी म्हणाली होतीस, तेव्हा डॉक्टरने सक्तीची रजा घ्यायला लावली असणार, हे माझं मीच ठरवलं. तू थांबलीस, आणि मी म्हणालो, ‘वा, छान झालं. हे तर आधीच व्हायला हवं होतं.’ त्यानंतर तिकडून काही आलं नाही आणि फोन बंद झाला. मी लाइन गेली म्हणालो आणि जेवायला बसलो. आता रोज मी ते बोलणं आठवून बघतो. ‘डॉक्टर’खेरीज त्यातला आणखी एकच शब्द माझ्याकडे आहे. ‘दादा’. तू तो मध्येच म्हणालीस, वाक्य अर्धं असताना, आणि लहानपणापासून तू तसं फक्त घाबरलीस म्हणजे म्हणतेस. काय सांगत होतीस, टिटवे? मला ऐकू आलं नव्हतं. तू आजारी आहेस आणि मी छान झालं म्हणालो, अशी मला भीती वाटते आहे. लिहून पाठव. मी इथेच बसलो आहे.

तुझाच,
दादा